काहिलीतली सिंधूबाई

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आई नाही म्हणाली. साफ नाही!

आणि तेही सगळं सांगून झाल्यावर. सकाळच्या गाडीनं इनामगावला गेले. ओट्यावर बसून दोघी मेथी निवडत होतो. मी सहज विचारलं, तुझं नि आबांचं लग्न कसं जमलं? तर बाई सुटली! हसून हसून डोळ्यांत पाणी, मेथी तशीच पडली, आबा आतून दोनदा डोकावून गेले. आणि शेवटी पदर सारखा करून म्हणते काय, "हे लिव्हू नगंस हां." मग सांगितलं कशाला!

विसरायच्या आधी इथं उतरवून ठेवते. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून.

आई तेव्हा अठराची. उकरणावर जायची. पुण्याची मंडळी आमच्या नदीकाठचं पांढरीचं टेकाड खणून तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव बाहेर काढत होती, आणि आई डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायची. घोड नदीच्या पलीकडच्या गावातल्या बबन नावाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. साखरपुडा तोंडावर आलेला. एक दिवस पाटी टाकून आई थेट नदीवर गेली. पूल नव्हता. गुऱ्हाळ बंद असलं की गूळ करायची मोठी लोखंडी काहील पाण्यात सोडायचे आणि तिच्यात बसून लोक पलीकडं जायचे. आई बसली काहिलीत. कशाला? तर नवरा मुलगा बघायला! त्र्याहत्तर सालचं हे धाडस! पलीकडं गेली, कुडाच्या आडून बघितलं, तर हा बबन जेवायला बसलेला. आमटीत मीठ कमी म्हणून त्यानं भरलं ताट स्वतःच्या आईच्या अंगावर फेकलं. आई आल्या पावली माघारी. बापाला म्हणाली, "ताट फेकनाऱ्याच्या घरात मी जायची न्हाई." ठरलेलं मोडलं. आणि सुगीनंतर तिनं लग्न केलं ते काहील वल्हवणाऱ्याशी. म्हणजे आमच्या आबांशी!

असलं सोनं हाताला लागलं आणि लिहायचं नाही म्हणे.

अडचण मलाही कळते. तो बबन म्हणजे आमचे बबनमामा. रेल्वेत लागले, दौंडला आले, इथंच रिटायर झाले. माझ्या घरापासून चौथं घर. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. माझा गॅस संपला की पहिला सिलिंडर त्यांच्याकडून येतो.

निघताना मी म्हटलं, "आई, तुम्ही त्या टेकाडातनं मेलेल्या माणसांच्या चुली-मडकी बाहेर काढली. त्या काळी घरातच पुरलेली पोरंही बाहेर काढली. त्यांना कुठं विचारलं होतं?"

म्हणाली, "त्यास्नी इचाराया ती जित्ती न्हवती. मी हाय ना जित्ती? मग मला इचार."

"विचारलं की."

"मग न्हाई."

५ ऑगस्ट

सेकंड शिफ्ट. पॅकिंगला नवीन मुलगी आली आहे. रेकॉर्डमध्ये आकडा चुकला तर व्हाइटनर मागत होती! तिला दाखवलं. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, तारीख. कुरकुंभच्या कुठल्याही औषध कंपनीत हे पहिल्या दिवशी शिकवतात. मनात आलं, पुस्तकालाही हाच नियम लावावा.

९ ऑगस्ट

सत्यजीत सरांचा फोन. पुण्यात त्यांचं छोटं प्रकाशन आहे. माझ्या आयुष्याचं पुस्तक करायचं त्यांनीच डोक्यात घातलं. माणूस चांगला. फक्त प्रत्येक वाक्य भाषणासारखं बोलतो.

"ताई, तुमच्या आत्मकथनात माणसं फार हसतात."

"मग काय करू? हसायची ती."

"तसं नाही. पण वाचकाला चटका बसला पाहिजे."

"त्याला तवा आहे की घरात."

ते हसले नाहीत. मी गंभीरपणे सांगितलं, की सर, लहानपणी आम्हाला ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते मी लिहिलं आहे. जसं होतं तसं. पण त्याच वाटेनं घागरी घेऊन येताना आई आणि मावशी कुणाची घागर जास्त भरली यावरून कशा भांडायच्या, ते पुढच्या पानावर आहे. मला दोन्ही पानं हवीत. एकच पान ठेवलं तर ते आमचं घर राहणार नाही, दुसऱ्या कुणाचं तरी होईल.

ते म्हणाले, बघू. आणि म्हणाले, दिवाळी अंकासाठी एक प्रकरण द्या, ज्यात काहीतरी घडतं असं!

आहे ना. पण आई नाही म्हणते.

१० ऑगस्ट

मी सुरुवातीलाच एक नियम घालून घेतला आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला आधी वाचून दाखवायचं. मगच छापायला. आज नवऱ्याची पाळी.

नागसेननं अख्खं प्रकरण डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, भरून आलं असेल. डोळे उघडून म्हणाला, "टक्कल दोनदा आलंय."

"आहे ते आहे."

"एकदा ठेव. आणि पहिल्या भेटीत मी घाबरलो होतो असं लिहिलंस, ते चूक. मला घाम येत होता. उन्हाळा होता."

जानेवारी होता! एक टक्कल काढलं. घाम ठेवला. उन्हाळाही ठेवला, "तो म्हणतो" असं लिहून.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, विहारापुढं जिलबी-पोहे. बबनमामा नेहमीसारखे शेवटी जेवले आणि नेहमीसारखं स्वतःचं ताट स्वतः नळावर घासून, सदऱ्याला पुसून, बायकांच्या हातात न देता मांडणीवर ठेवून आले. सगळ्या वॉर्डाला त्यांची ही सवय माहीत आहे. नव्या सुना तर नवऱ्यांना त्यांच्याकडं बोट दाखवून टोमणे मारतात.

मी बघत उभी राहिले. हा माणूस आणि ते ताट! जुळेचना. विशीतला पोरगा एकदा काहीतरी करतो आणि मग त्यावर पन्नास वर्षं पुटं चढतात, भलं-बुरं काय काय. पुस्तकात मात्र तो कायम ताट उचलून उभा. खाली ठेवायची सोयच नाही.

आणखी एक. आई दौंडला आली की बबनमामांची बायको दरवेळी चहाला बोलावते. आई एकदाही गेलेली नाही. कधी गुडघा दुखतो, कधी चहा नुकताच झालेला असतो. मला वाटायचं, आईला चालणं नको. आता कळलं. राग आहे तो!

२४ ऑगस्ट

आई विरघळली! मी काही बोलले नव्हते. स्वतःच फोन केला.

"लिही. पर माझं नाव नगं. गाव नगं. त्याचं तर न्हाईच न्हाई. आता तो चांगला मानूस हाय. मानसाला असं एका ताटात बशीवू नगंस."

"मग तुझं नाव काय ठेवू?"

"ठिव कुठलंबी. मला काय त्याचं!"

मागून आबांचा आवाज, "हेमा ठिव." आणि आईचा, "गप बसा."

३१ ऑगस्ट

सुट्टी सत्कारणी. प्रकरण झालं.

आईची सिंधू झाली. साधं नाव, त्या वयाच्या बाईला शोभणारं. उकरण काढून टाकलं, कारण उकरण म्हटलं की इनामगाव आलंच. त्याऐवजी सिंधूला बापाचं शेवंतीचं रान दिलं. फुलं तोडता तोडता ती नदीवर जाते. वाचायला फार छान वाटतं! पिवळी शेवंती, पलीकडं काळी काहील. बबनमामांच्या जागी एक बिननावाचा मुलगा. आबांना मिशा दिल्या.

नागसेन म्हणाला, "हे सगळं बदललं तर खरं काय उरलं?"

"नदी, काहील आणि ताट," मी म्हटलं. "पुरे की तेवढं."

७ सप्टेंबर

इनामगावला जाऊन दोघांना वाचून दाखवलं. आई ताठ बसून ऐकत होती. शेवंतीपाशी म्हणाली, "मी जलमात शेवंती लावली न्हाई." पण पुढं चालू दे म्हणाली. ताटापाशी आली तेव्हा उठून आत गेली. पाणी प्यायला म्हणे.

आबांना विचारलं, तुम्हाला आठवतं का हे सगळं?

"काहिलीतलं समदं आठवतं. ती कशी गरगर फिरायची, तुझी आई कशी कडंला धरून बसली व्हती, भ्यालेली. पर दावत न्हवती."

"आणि ताट?"

"ताटाचं मला न्हाई ठावं. मी काहिलीत व्हतो." आणि मिशा नसलेल्या ओठातल्या ओठात हसले.

१२ ऑक्टोबर

अंक आला! माझं नाव अनुक्रमणिकेत सहावं. नागसेननं चार प्रती घेतल्या, एक डब्यासोबत घेऊन गेला. कंपनीत बायकांनी पेढे मागितले. मी चिवड्यावर भागवलं.

बबनमामा संध्याकाळी अंक हातात घेऊनच आले. चष्मा कपाळावर.

"करुणा, काय बाई रंगवलीस गं! ती सिंधू! असल्या पोरी पायजेत आपल्याला. आन् तो ताट फेकनारा मला भेटला ना, तर त्याला वरीसभर आपल्या पंगतीत वाढपी करतो बघ."

मी "हो मामा, हो मामा" करत चहा ठेवायला आत पळाले. माझा नियम मीच मोडला आहे. सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्याचं ताट, त्यालाच नाही.

१८ ऑक्टोबर

आईचा फोन. आवाज बारीक.

"तुला सिंधूच नाव सापडलं व्हय?"

"का गं?"

"न्हावरे गावच्या वाटंला ती सिंधूबाई न्हाई का. ईश्वरआप्पांची. शेवंतीवाली."

अरे देवा! म्हणजे बुद्धा! एसटीच्या खिडकीतून दर खेपेला मी जे पिवळं रान बघते, ते तिचं. मला वाटलं होतं, शेवंती माझ्या डोक्यातून आली. ती खिडकीतून आली होती! त्या बाईचं नावही कधीतरी कानावरून गेलं असणार. वय तेच, नदी तीच, फुलं तीच. आता साऱ्या शिवाराला वाटतंय की काहिलीतून नवरा बघायला गेलेली बाई म्हणजे ईश्वरआप्पांची सिंधूबाई.

"रागावल्यात का त्या?"

आई म्हणाली, "ये आन् तूच बघ."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बघितलं! अजून हसू आवरत नाही.

दुपारी दोघं आमच्या ओट्यावर हजर. सिंधूबाई नव्या लुगड्यात, हातात घडी पडलेला अंक. मागं ईश्वरआप्पा, तोंड एवढंसं. मी हात जोडून म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. पुढच्या अंकात खुलासा छापायला सांगते, की ही सिंधू तुम्ही नाही."

"अगं ए! खुळी का काय?" सिंधूबाई ओरडल्या. "खबरदार छापलंस तर! माझ्या जलमात घडलं काय? लगीन, शेवंती, शेवंती आन् शेवंती. आता येष्टीतली मानसं खिडकीतनं बोट दावत्यात, ती बघ काहिलीतली! सूनबाई मला इचारून भाजी करती आता. राहू दे की!"

"आन् माझं काय?" ईश्वरआप्पा पहिल्यांदाच बोलले. "मला पान्याचं भ्या वाटतं. पुलावरनं येष्टी चालली की मी डोळं मिटतो. आन् पोरं मला नावाडी म्हनत्यात!"

"म्हनू द्या. कुठं भोकं पडली अंगाला!" सिंधूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "बाई, त्यात एक राहिलं बघ तुझ्याकडनं. काहिलीला भोक व्हतं. मी पदराचा बोळा घातला."

बाईला आठवायला लागलं होतं!

आत आईची भांडी जास्तच वाजत होती. थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर आली. कप सिंधूबाईंच्या पुढं आदळलाच. सिंधूबाईंनी घोट घेतला. "अंजनाबाई, साखर इसरलात व्हय?"

"फेकू नगंस कप," ईश्वरआप्पा घाईनं म्हणाले, "छापून येईल!"

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आई नाही हसली.

२४ ऑक्टोबर

निघताना आई वेशीपर्यंत आली. एसटीला वेळ होता.

"भोक म्हनं! पदराचा बोळा म्हनं!"

"तूच म्हणालीस ना, नाव कुठलंही ठेव?"

ती वेशीच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "मी पाटी टाकून गेल्ते. तीन रुपयं रोजाची पाटी. आपल्यातली पोर, बापाला न इचारता, एकली. आन् आता त्ये समदं शेवंतीवालीच्या नावावर चढलं. तिचं काय न्हाई बिचारीचं. पर माझं गेलं की गं."

आईला मी लपवत होते, तर तिला पुसूनच टाकलं. व्हाइटनर लावला. कंपनीत नव्या मुलीला जे करू दिलं नाही, ते मी आईला केलं! फार वाईट वाटलं. एसटीत रडलेसुद्धा थोडी.

पण मग शेवंतीचं रान आलं. बांधावर सिंधूबाई उभ्या होत्या आणि गाडीला हात करत होत्या. पुढाऱ्यासारखा! परत हसू आलं.

२५ ऑक्टोबर

आईला विचारलं, पुस्तकात तुझं खरं नाव घालू का?

"बबनचं काय मग?"

तिथंच घोडं अडतं. आईचं नाव आलं की जुन्या माणसांना कळणारच, तिचं कुणाशी ठरलं होतं ते. आईला तिची गोष्ट परत द्यायची तर बबनमामांच्या हातात ते ताट द्यावं लागतं.

९ नोव्हेंबर

आता हे बघा! संविधान दिनाच्या आधीच्या रविवारी विहारात माझा सत्कार. "आपल्या वॉर्डाची लेखिका." बबनमामा स्वतः सांगायला आले. आणि डोळे मिचकावून म्हणाले, "एक गंमत केलीया. शिरूरकडच्या एका पाव्हण्यानं सांगितलं, ती सिंधू खरीच हाय. माझं नाव-नंबर देऊन बोलवून घेतलीया तिला. प्रमुख पाहुणी!"

त्यांना बसायला आणलेल्या खुर्चीत मीच बसले.

"मामा, ती..."

"तू काय बोलू नगंस. शाल-श्रीफळ माझ्याकडनं."

आईला फोन केला. म्हटलं, तू येऊ नकोस, उगीच त्रास होईल. ती म्हणाली, "सिंधू येनार हाय?"

"हो."

"मग मी येनार."

१६ नोव्हेंबर

आज ठरवलं होतं की बबनमामांना खरं सांगायचं. एकटं गाठून, प्रकरण पुढं ठेवून, हे ताट तुमचं, छापू की नको? गेले. ते अंगणात बसून बायकोच्या पायाला तेल लावत होते. म्हणाले, "ये पोरी, बस." बसले. सत्काराला माइक कुणाचा आणायचा यावर बोलून परत आले. एवढी मोठी सुपरवायझर मी, शंभर बायकांना कामाला लावते!

२३ नोव्हेंबर, रविवार

झालं. एवढ्या उशिरा लिहायला बसलेय, पण आनंदानं. बहुतेक आनंदानं.

विहार भरलेला. वंदना झाली, उद्देशिका वाचली. पुढच्या रांगेत एका टोकाला आई-आबा, दुसऱ्या टोकाला सिंधूबाई-ईश्वरआप्पा. बबनमामा माझ्याबद्दल दोन शब्द बोलले आणि सिंधूबाईंबद्दल दहा. शाल घातली, टाळ्या पडल्या, आणि माइक त्यांच्या हातात दिला.

सिंधूबाईंनी घसा साफ केला. "तर त्या दिशी आभाळ भरून आलं व्हतं. वारं असं सुटल्यालं. आन् मी काहिलीत पाय ठिवला तर काय, काहिलीला हे एवढं भोक..."

"भोक न्हवतं."

सगळ्यांच्या माना वळल्या. आई उभी होती.

"काहिलीला भोक न्हवतं. आन् आभाळबी भरलं न्हवतं. कडक ऊन व्हतं, लोखंड तापलं व्हतं, बसवत न्हवतं. मला ठावं हाय. त्यात मी व्हते."

आई दोन पावलं पुढं आली.

"उकरनावर पाट्या वाहनारी अंजना. शेवंतीवाली न्हवं. माझ्या लेकीनं माझं नाव बदललं कारन मीच म्हनले बदल. आता मीच म्हनते, माझं नाव घाल."

मला वाटलं, आता सिंधूबाईंचं कसं व्हायचं? तर ती बाई कंबरेवर हात ठेवून खदखदून हसली! "मला वाटलंच. मला एवढं धाडस झालं आसतं तर ह्यांच्याशी लगीन केलं आसतं व्हय!" आणि स्वतःची शाल काढून आईच्या खांद्यावर टाकली. "घ्या बाई तुमची तुम्हास्नी. मला उकडायलंय." ईश्वरआप्पांनी तर टाळ्याच वाजवल्या. नावाडीपण सुटलं एकदाचं!

लोक हसले आणि हळूहळू थांबले. जुनी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. अंजनाचं पहिलं कुणाशी ठरलं होतं, ते आठवणारी पाच-सहा टाळकी अजून आहेत. मी बबनमामांकडं बघितलं. ते बोटांवर काहीतरी जुळवत होते.

"म्हंजी," ते माइकमध्येच म्हणाले, "ताट फेकनारा मी व्हय?"

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"मला आठवत न्हाई बघा. खरं सांगतो. पर एक आठवतं. एकदा बापानं लई मारलं मला. म्हनला, आईच्या अंगावर ताट फेकतोस? गावभर झालंय. तवापासनं ताट म्हनलं की माझा हातच दबकतो. घासून, पुसून, जाग्यावर ठिवल्याबिगर जीव थाऱ्यावर येत न्हाई." आणि आईकडं वळून हात जोडले. "अंजनाबाई म्हनत्यात तर फेकलं आसंल. माफी द्या. करुणा, माझंबी नाव घाल गं पुस्तकात. खरं नाव. वाढपी व्हायचं मी कबूल केलंच हाय!"

काय टाळ्या पडल्या! आज पंगतीला खरंच वाढायला उभे राहिले. माझ्या ताटात जिलबी दोनदा. मी रडत रडत खाल्ली. ज्याला विचारायला मी महिनाभर घाबरले, त्यानं न विचारता होकार दिला. प्रकरण पुन्हा लिहायचं. उकरण, पाटी, तापलेलं लोखंड, अंजना, बबन. सगळं खऱ्या नावानं. सत्यजीत सर नाचतील.

फक्त आई. मामांनी हात जोडले तेव्हा ती खाली मान घालून शालीचे गोंडे मोजत बसली होती. जेवली नाही. आज आमच्याकडंच मुक्कामाला आहे. मी म्हटलं, आता तर तुझं तुला मिळालं ना सगळं? "व्हय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. आबा मात्र तिच्याकडं बघत बराच वेळ बसून होते.

२४ नोव्हेंबर

सकाळी उठले तर आई अंघोळ करून, लुगडं नेसून दारात उभी.

"करुणा, त्यानं ताट फेकलं न्हाई. मी त्याला बघितलंच न्हाई. काहिलीतनं मी उतरलेच न्हवते गं. निम्म्या नदीत काहील गरगर फिराया लागली, तुझा बाप हसला, आन् माझं तिथंच ठरलं. पर माझ्या बापाला ते कसं सांगायचं? मग ताट सांगितलं."

चप्पल घातली आणि निघाली. बबनमामांकडं. चहाला! मी वही घेऊन मागं धावले, तर फाटकातून वळून म्हणाली, "वही ठिव. आदी त्याला इचारू दे."